आठांमधलं मधलं पद

४ जून

वन्सं,

फोन तुम्ही आपटलात, म्हणून पत्र लिहितेय. पत्र मध्येच तोडता येत नाही. फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस एक नजर टाकतंच.

मी काय सांगत होते ते नीट ऐकून तरी घ्यायचं होतं. यंदाच्या दहावीच्या बीजगणिताच्या पेपरात दोन गुणांचा एक बारकासा प्रश्न होता: (क्ष + २) चा सातवा घात केला, तर विस्तारातलं मधलं पद काढा. आता द्विपदाचा वर्ग केला की तीन पदं येतात, घन केला की चार, सातव्या घाताला आठ. हे तुम्हाला मी शिकवायला नको. आठांमध्ये मधलं एक कसं असेल? चौथं आणि पाचवं अशी दोन असतात. माझ्या वर्गातल्या एका मुलीने दोन्ही काढली, दोन्ही बरोबर काढली. तिच्या उत्तरपत्रिकेची प्रत मागवून पाहिली. तपासणाऱ्याने दुसऱ्या पदावर लाल काट मारून एक गुण कापलाय आणि शेजारी लिहिलंय, 'एकच पद विचारले आहे.'

या मुलीला वर्गात सगळे शिडी म्हणतात. इतकी उंच आहे की बाकावर बसली तरी मागच्यांना फळा दिसत नाही. आईचं इस्त्रीचं दुकान. वडील नाहीत. तिला तंत्रनिकेतनात जमीनमोजणी शिकायची आहे. आठवीपासून हेच चाललंय, शाळेचं मैदान तिने दोरीने मोजून काढलंय. त्या अभ्यासक्रमाची यादी नेमकी तिच्या आधीच्या नावावर बंद झाली. एक गुण कमी पडला. हाच तो गुण.

मंडळात बीजगणिताच्या मुख्य नियामक तुम्ही आहात. आदर्श उत्तर तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. तेव्हा मला उत्तर हवंय, आणि ते 'दादाला विचारते' हे नको. तुमचे दादा माझे नवरे असले तरी गणिताच्या बाबतीत त्यांना कोणी विचारत नाही.

वहिनी

१० जून

वहिनी,

पत्र मिळालं. फाडलं नाही. घरच्या पत्रांवर कार्यालयाचं काम चालत नाही, एवढं कळवण्यापुरतं ठेवलं.

प्रश्नात 'मधले पद' असं आहे. एकवचन आहे. दोन उत्तरं लिहून 'घ्या, आवडेल ते निवडा' म्हणणाऱ्या मुलांना आपण गुण वाटायला लागलो, तर उद्या मुलं पाच पाच उत्तरं लिहितील. आदर्श उत्तर ठरलं, छापलं, निकाल लागला. तक्रार असेल तर मुलीच्या पालकांनी रीतसर अर्ज करावा. बाईंनी नणंदेला फोन करणं ही अर्जाची रीत नव्हे.

आणि तुमचा हा पुळका मला नवीन नाही. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची तुमची हौस मी पहिल्या दिवसापासून ओळखते. त्या शाळेतल्या एका जागेसाठी आपण दोघी मुलाखतीला आलो होतो. आठवत असेलच. जागा तुम्हाला मिळाली. बाहेरच्या बाकावर दादा बसला होता, माझ्या सोबतीला आलेला. वर्ष सरायच्या आत तोही तुम्हालाच मिळाला. आता माझी ही खुर्ची तेवढी उरलीय. तिच्यावर डोळा ठेवू नका.

दादाला सांगा, त्याच्या गुडघ्याचं औषध इथे मिळतं, पाठवते. पत्रातली ही एकच ओळ त्याला वाचून दाखवलीत तरी पुरे.

— मुख्य नियामक (तुम्हाला हुद्दा लागतो म्हणून)

१५ जून

वन्सं,

खुर्ची तुमची तुम्हाला लखलाभ. दादांना मी पळवून आणलं नाही. तुम्ही आत मुलाखत देत होता आणि बाहेर ते मला स्वतःहून पाणी विचारायला आले. इतक्या वर्षांनी परत हवे असतील तर खुशाल न्या, निम्मी कपाटं तरी रिकामी होतील.

तुमचं ते एकवचन वाचून माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. प्रश्न काढणाऱ्याला मोजता आलं नाही, त्याची शिक्षा ज्यांना मोजता आलं त्यांना! काल मी नववीच्या आठ मुली वऱ्हांड्यात ओळीने उभ्या केल्या आणि मुख्याध्यापकांना बोलावून आणलं. म्हटलं, "सर, यातली मधली दाखवा."

ते चौथीकडे बोट दाखवून म्हणाले, "ही."

म्हटलं, "आता पलीकडून येऊन बघा." ते पलीकडे गेले, आणि तिकडून मोजल्यावर चौथी वेगळीच निघाली. मुली फिदीफिदी हसायला लागल्या. सरांचा चेहरा लालबुंद. मला खोलीत बोलावून दार लावून घेतलं.

"बाई, हे खूळ आता थांबवा."

"खूळ नाही सर, चूक आहे. मंडळाची."

"माझ्या मुलीने एकच पद लिहिलंय. तिला पुरे गुण आहेत. ती शाळेत पहिली आहे. तुम्ही शिडीला वर चढवायला निघालात, तेव्हा खाली कोण येणार याचा विचार केलात?"

केला होता, वन्सं. त्यांची मुलगी गुणी आहे, तिलाही मीच शिकवलंय. पण ती त्या दिवशी अर्ध्यावर थांबली आणि शिडी थांबली नाही, याला मी काय करू?

मग मी इस्त्रीच्या दुकानात गेले. शिडी आईच्या जागी उभी होती, कुणाच्या तरी कचेरीचे पांढरे शर्ट पुढ्यात. मला पाहून इस्त्री बाजूला ठेवली, पण बसा म्हणाली नाही.

"बाई, मी एकच पद लिहायला हवं होतं का?"

"नाही. तू लिहिलंस तेच बरोबर."

"पण एकच लिहिलं असतं तर गुण मिळाला असता."

"हो."

"मग दुसरं शिकवलंत कशाला?"

यावर काय बोलायचं ते तुम्हीच सांगा, मुख्य नियामक. मी मान खाली घालून बाहेर पडले. महिना संपेपर्यंत तुमच्याकडून काही हललं नाही तर मी वर्तमानपत्राला लिहिणार आहे. त्या उत्तराखाली सही कुणाची, तेही कळू दे लोकांना.

वहिनी

ता. क. औषध पाठवू नका. इथेही दुकानं आहेत.

२७ जून

वहिनी,

लिहा. वर्तमानपत्राला जरूर लिहा. फक्त लिहिण्याआधी हे वाचा.

तुमच्या पत्रातला आवेश बघून मला राहवलं नाही. गोदामात जाऊन मी यंदाचे बीजगणिताचे गठ्ठे काढायला लावले. दोन्ही मधली पदं लिहिणारी मुलं कुठे कुठे आहेत, कुणी कुणी त्यांचे गुण कापलेत, हे मला बघायचं होतं. बरीच निघाली. तुमची शिडी काही जगावेगळी नाही.

एक गठ्ठा उघडला आणि पहिल्याच पानावर अक्षर ओळखीचं वाटलं. 'क' चा दांडा असा मागे कललेला, जसा दादाच्या वाढदिवसाच्या पाकिटावर दर वर्षी असतो. खाली परीक्षकाची सही. तुमची.

तुम्ही यंदा परीक्षक होता, वहिनी. इतक्या पत्रांत हे एकदाही लिहायला सुचलं नाही! त्या गठ्ठ्यात सहा मुलांनी दोन्ही पदं काढली आहेत. सहाही जणांच्या दुसऱ्या पदावर लाल काट आहे. एकाच्या शेजारी तर तुम्ही ठसठशीत लिहिलंय, 'एकच पद विचारले आहे.' शब्द न् शब्द तोच. शिडीच्या पेपरवर ज्याने हे लिहिलं त्याला शिव्या घालताना तुमची जीभ अडखळली नाही?

ती सहा मुलंही कुणाच्या तरी वर्गातली आहेत. त्यांच्या बाई कुणाच्या नणंदेला पत्रं लिहीत नाहीत, एवढाच काय तो फरक. त्यांच्यासाठी तुमच्या तळपायाची आग कुठे गेली होती? का आपल्या अंगणात पडला तरच तो दगड?

हे मी अजून कुणाला दाखवलेलं नाही. दाखवणारच नाही असंही नाही. आता ठरवा, वर्तमानपत्राला काय लिहायचं ते.

वन्सं

११ जुलै

वन्सं,

पंधरा दिवस मी लिहिलं नाही. तुम्हाला वाटलं असेल, बसली गप्प. दोन दिवस खरंच गप्प बसले होते. तुमच्या दादांनी जेवताना विचारलं, "भाजीत मीठ नाही, की तुझ्यात?" तेव्हा तुमची पत्रं त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. औषधाच्या ओळीसकट सगळी पत्रं वाचली त्यांनी. मग म्हणाले, "दोघी मिळून मला एकदाच काय ते मारून टाका," आणि हात धुवायला गेले.

त्या लाल काटा मीच मारल्या. अक्षर माझंच आहे. तपासणीच्या पहिल्या दिवशी मी हात वर केला होता. म्हटलं, "साहेब, इथे दोन पदं येतात." केंद्रावरचे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, डोकं घरी ठेवून यायचं आणि आदर्श उत्तर सोबत आणायचं." चाळीस माणसं हसली. मी हात खाली घेतला आणि लाल पेन उचललं. पहिली काट मारताना हात जड झाला होता. सहावी मारताना झाला नव्हता. शिडीचा निकाल हातात पडेपर्यंत मला त्या मुलांची आठवणही आली नव्हती, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. तुम्हाला माणसातलं वाईट तेवढं अचूक दिसतं.

पण धमकी मात्र वाया गेली तुमची. मी मंडळाच्या अध्यक्षांना स्वतःच्या नावाने लिहिलंय: आदर्श उत्तर चुकीचं होतं, ते चुकीचं आहे हे कळत असूनही मी त्याप्रमाणे सहा मुलांचे गुण कापले, सगळ्या उत्तरपत्रिका पुन्हा तपासाव्यात. मुख्याध्यापकांना एक प्रत दिली. त्यांनी वाचली आणि दहावीचा वर्ग माझ्याकडून काढून घेतला. आता मी पाचवीला अपूर्णांक शिकवते.

मी माझ्या वाटणीचं केलं. तुमच्या सहीचं काय ते तुम्ही बघा. तो अर्ज आता तुमच्याच टेबलावर येईल. वर ठेवा नाहीतर तळाला घाला. तुमच्याकडून मला कसलीही अपेक्षा नाही, आणि ती नाही याचं मला मुळीच वाईट वाटत नाही.

वहिनी

(खाली, वेगळ्या अक्षरात:) छोटे, औषध पाठव. हिचं ऐकू नकोस. इथलं लागू पडत नाही. — दादा

२ ऑगस्ट

वहिनी,

अर्ज आला. तुमचा अंदाज खरा, माझ्याच टेबलावर आला. सोबत अध्यक्षांची चिठ्ठी होती: 'आपल्या नात्यातील दिसतात. समजूत घालावी.'

तुमची समजूत घालणं! तुमच्या नवऱ्याला ते जन्मात जमलं नाही.

आता मी सांगते ते तुमच्या समाधानासाठी नाही. तुम्हाला हे दुसऱ्याकडून कळलं तर तुम्ही त्यात तिखटमीठ घालाल, म्हणून सांगते. पेपर छापून आल्यावर झालेल्या बैठकीत ती चूक मीच दाखवली होती. आठ पदं, मधली दोन. अध्यक्ष म्हणाले, "आता लाखो प्रती छापून झाल्या. एका प्रश्नासाठी मंडळाचं हसं करायचं? मुलं एकच लिहितील. बहुतेकांना तेवढंच येतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. आदर्श उत्तराचा कागद फिरत माझ्यापुढे आला. मी सही केली. तुमच्यासारखाच मीही हात खाली घेतला, फरक इतकाच की माझ्याकडे बघून कुणी हसलं नव्हतं.

तुम्हाला ते 'एकवचन' लिहिलं तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. ते तुम्हाला पटावं म्हणून लिहिलं नव्हतं. तुम्ही बरोबर आहात हे तुमच्याचपुढे कबूल करायचं माझ्या जिवावर आलं होतं.

मागच्या बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, "त्या बाईंचं मिटलं का?"

मी उभी राहिले. "मिटलं नाही. त्यांचं म्हणणं खरं आहे. आणि हे मी इथेच, याच टेबलावर, सही करायच्या आधी सांगितलं होतं."

"तसं काही मला आठवत नाही," अध्यक्ष म्हणाले.

"मला आठवतं," मी म्हटलं, "आणि माझ्या डावीकडच्या आणि उजवीकडच्या सभासदांनाही आठवतं. त्यांना उठून नाही म्हणू द्या."

उजवीकडचे खिडकीतून बाहेर बघत राहिले. डावीकडचे म्हातारे मात्र चष्मा पुसत पुसत म्हणाले, "म्हणाल्या होत्या खऱ्या." एवढंच. पण तेवढ्याने गाडं हललं. दोन्ही पदं लिहिणाऱ्यांना दोन गुण, एक लिहिणाऱ्यांना एक, असं ठरलं आहे. उत्तरपत्रिका पुन्हा काढल्यात. तुमच्या मुख्याध्यापकांच्या मुलीचा एक गुण जाईल. शिडीला तिचा मिळेल. आणि तुमच्या सहा जणांनाही.

मला बीजगणितावरून काढून लेखनसामग्री विभागात पाठवलं आहे. इथे टाचण्या आणि शाई असते. तुम्हाला यापुढे परीक्षक म्हणून बोलावणार नाहीत, तसा वेगळा कागद येईल.

हे मी शिडीसाठी केलेलं नाही, मी तिला ओळखतही नाही. तुम्ही स्वतःचं नाव पुढे करायचं आणि मी खुर्चीमागे लपायचं, आणि हे दादाने आयुष्यभर तुमच्या तोंडून ऐकायचं, हे मला चाललं नसतं. नोकरी घेतलीत, भाऊ घेतलात. खरेपणा तरी एकटीला घेऊ देणार नाही.

वन्सं

१४ ऑगस्ट

वन्सं,

शिडीचा नवा निकाल आला. एक गुण वाढला. इस्त्रीच्या दुकानात मी तो घेऊन गेले. तिच्या आईने कागद दोन्ही हातांनी धरला. शिडीने वाचला आणि मला परत दिला.

"प्रवेश महिन्यापूर्वी बंद झाले, बाई. मी चौकशी केलीय."

तुमचे दादा तंत्रनिकेतनात फोन करून थकले. तिकडचा कारकून म्हणतो, यादी संपली, पुढच्या वर्षी या. पुढच्या वर्षी! तोवर ती पोरगी कुणाची तरी कॉलर ताठ करत उभी राहणार.

तुमची बैठक, तुमचं उभं राहणं, डावीकडचे म्हातारे, सगळं मी वाचलं. मोठं धाडस केलंत. पण सही करायच्या दिवशी उभ्या राहिला असतात तर आज टाचण्या मोजायची वेळ तुमच्यावर आली नसती आणि अपूर्णांकांची माझ्यावर. वरातीमागून घोडं नेण्यात तुम्ही मंडळी पटाईत.

ते तंत्रनिकेतन तुमच्याच गावात आहे, तुमच्या घरापासून बसने अर्ध्या तासावर. फोनला दाद न देणारा कारकून समोर उभ्या राहिलेल्या माणसाला देतो म्हणतात. शिडी सोमवारी एकटी तिकडे यायला निघतेय. मी तिला तुमचा पत्ता दिलेला नाही. तुम्हाला कळवलं, बस्स.

वहिनी

५ सप्टेंबर

वहिनी,

पत्ता दिला नाहीत, पण गाडीची वेळ दादाने फोनवर सांगितली. त्याचा फोन तरी मी आपटत नाही.

स्थानकावर तिला ओळखायला त्रास पडला नाही. गर्दीतून डोकं वर. मी जवळ जाऊन नाव सांगितलं. तिने मला नखशिखान्त न्याहाळलं.

"ज्यांनी सही केली त्या तुम्हीच?"

"हो."

"तुम्हाला माहीत होतं ना, दोन असतात?"

"माहीत होतं."

"मग?"

मी म्हटलं, "चल, कचेरी अकराला उघडते."

कारकुनाने आम्हाला बसवून ठेवलं, जेवायला गेला, परत येऊन दुसऱ्याच कुणाशी बोलत राहिला. मग मी प्राचार्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. आत कसली तरी बैठक चालू होती. शिपाई म्हणाला, "बाई, आत जाता येत नाही." मी म्हटलं, "आत जायचंच नाही. मी दारातच उभी राहणार. त्यांना बाहेर यायचं असेल तेव्हा मला सरकवून यावं लागेल." तुम्ही असतात तर आठ मुली ओळीने उभ्या केल्या असत्या.

शेवटी प्राचार्य बाहेर आले. मी चुकीचं उत्तर कुणी मंजूर केलं ते सांगितलं. मंडळाचं नाव नाही घेतलं, माझं घेतलं. म्हटलं, "ही मुलगी वेळेवर आली होती, उशीर मी केला. तिला वर्षाची शिक्षा का?" ते शिडीकडे वळले. तिला फळ्यावर काहीतरी सोडवायला देतील असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "मोजणीच का?" ती म्हणाली, "आमच्या दुकानाची भिंत शेजाऱ्याने वीतभर पुढे घेतली. आई म्हणते घेतली, तो म्हणतो नाही. मोजणाऱ्याने सांगितलं असतं तर भांडण मिटलं असतं. मोजणारा आलाच नाही."

एक मुलगा शिक्षण सोडून गेला होता. त्याची जागा तिला दिली.

वसतिगृह भरलंय. माझ्या मागच्या खोलीत ती राहते. कृपा करून हे गावभर सांगत फिरू नका. तिचा स्वेटर आणि आईने ठेवलेली चादर पाठवा. दादाचं औषध यासोबत आहे.

आमचं सख्य झालंय असं समजू नका. सकाळी चहा घेते, कप विसळते, जाते. संध्याकाळी येते, वाचत बसते. मी काही विचारलं तर हो-नाही. एवढ्याशा पोरीने मला माझ्याच घरात पाहुणी करून ठेवलंय. हेही तुमच्याच शिकवणीचं फळ असावं.

काल कॉलेजातून ओळंबा घेऊन आली, दोरीला वजन बांधलेला. मला वाटलं अभ्यास असेल. दाराच्या चौकटीशी धरून उभी राहिली बराच वेळ. मग म्हणाली, "ही चौकट तिरकी आहे."

मी म्हटलं, "माहीत आहे मला. घर घेतलं तेव्हापासून."

ती दोरी गुंडाळत म्हणाली, "तुम्हाला सगळं माहीतच असतं," आणि आत निघून गेली.

उद्या सुताराला बोलावलंय.

वन्सं